‘रिफर्बिश्डमध्ये एवढं चालतंच’ असं सेलर म्हणतो तेव्हा

प्रश्न: मी एका मोठ्या शॉपिंग ॲपवरून २७,४९९ रुपयांना रिफर्बिश्ड (म्हणजे वापरलेला, ठीकठाक करून पुन्हा विकलेला) आयफोन १३ घेतला. पैसे क्रेडिट कार्डाने भरले. वर्णनात ‘ओरिजिनल डिस्प्ले, बॅटरी ९२ टक्के, कधीही न उघडलेला’ असं लिहिलं होतं. चौथ्या दिवशी लक्षात आलं की सेटिंगमध्ये डिस्प्लेपुढे ‘अननोन पार्ट’ येतं आणि बॅटरी ७९ टक्के आहे. पाचव्या दिवशी ॲपवर रिटर्न टाकला. लगेच सेलरचा फोन आला, ‘रिटर्नला फार वेळ जातो, तो रद्द करा, मी थेट पैसे पाठवतो.’ मी रद्द केला. ७ दिवसांची मुदत संपली आणि त्याची भाषा बदलली, ‘रिफर्बिश्डमध्ये एवढं चालतंच, स्क्रीन तुम्हीच बदलली असेल.’ आता २,५०० रुपये देतो म्हणून व्हॉट्सॲपवर क्यूआर कोड पाठवलाय. कस्टमर केअर म्हणतं मुदत संपली. अनबॉक्सिंगचा व्हिडिओ माझ्याकडे नाही. पैसे परत मिळतील का? माझ्या मावसभावानेही ऑनलाइन जाहिरात बघून एका माणसाकडून जुना कॅमेरा घेतला, त्याचा शटर काउंट, म्हणजे आतापर्यंत किती फोटो काढले तो आकडा, खोटा निघाला. त्यालाही हेच करता येईल का?
– एक वाचक, मिरज

उत्तर: तो क्यूआर कोड स्कॅन करू नका. यूपीआयवर पैसे घ्यायला ना कोड स्कॅन करावा लागतो, ना पिन टाकावा लागतो. पिन टाकला की पैसे तुमच्या खात्यातून जातात, येत नाहीत. चुकून स्कॅन करून पिन टाकला असेल तर पुढचं वाचायचं थांबवून आधी १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. तिथे जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता जास्त. कोड स्कॅन केला नसेल तर त्या चॅटचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवा. तो तुमच्याच उपयोगाचा आहे, कारण काहीच चुकलं नसतं तर सेलरने २,५०० रुपये देऊ केलेच नसते.

पैसे परत मिळण्यासारखी तुमची बाजू आहे, आणि ती तुम्हाला वाटते त्यापेक्षा भक्कम आहे. फक्त ती मांडायची पद्धत बदलावी लागेल. फसवणूक झाली, फोन खराब निघाला, असं सांगत राहिलात तर ‘जुनी वस्तू आहे’ हे उत्तर त्यांच्याकडे तयारच असतं. पण जुनी असणं हा मुद्दाच नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये ‘दोष’ या शब्दाची जी व्याख्या आहे, तिच्यात विक्रेत्याने कोणत्याही प्रकारे केलेल्या दाव्यापेक्षा वस्तू कमी असणं हासुद्धा दोषच धरला आहे. जुन्या फोनची बॅटरी ७९ टक्के असणं हा दोष नाही. ९२ लिहून ७९ देणं हा दोष आहे. त्यामुळे तुमची सगळी तक्रार वर्णनातलं एक वाक्य आणि त्याच्यासमोर एक फोटो, एवढ्यावरच उभी करायची. ‘फोन गरम होतो’, ‘स्लो वाटतो’, ‘डबा जुनाट होता’ हे त्यात घालू नका. असे मुद्दे आले की समोरचा त्यांच्यावरच बोलत बसतो आणि डिस्प्लेचा विषय मागे पडतो.

रद्द केलेल्या रिटर्नचं वाईट वाटून घेऊ नका. गोड बोलून रिटर्न रद्द करायला लावायचा आणि मुदत संपली की हात वर करायचे, ही नेहमीची चाल आहे. रद्द झालेली विनंती ॲपच्या नोंदीत राहते. तुम्ही मुदतीत, पाचव्या दिवशी, कारणासह तक्रार केली होती हे त्या नोंदीवरूनच सिद्ध होतं. ऑर्डरच्या पानावर जाऊन ती तारीख आणि निवडलेलं कारण दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या. त्याच दिवशीच्या कॉल लॉगमध्ये सेलरचा नंबर असेल, त्याचाही घ्या. पुढच्या वेळी असा फोन आला तर ‘ॲपच्या चॅटवर लिहा’ एवढंच सांगायचं आणि फोन ठेवायचा.

मुदतीबद्दल आणखी एक गोष्ट. बिल उघडा आणि त्यावर परतीची मुदत छापलेली आहे का ते पाहा. बऱ्याचदा ७ दिवस हे ॲपच्या पानावर असतात, बिलावर नसतात. बिलावर मुदत दिलेली असेल तर त्या मुदतीत, आणि नसेल तर ३० दिवसांत, सदोष माल परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देणं ही कायद्याने ‘अनुचित व्यापारी प्रथा’ ठरते. शिवाय ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० मधला नियम ६ सांगतो की जाहिरातीत दिलेल्या गुणवैशिष्ट्यांप्रमाणे माल नसेल तर ॲपवरच्या विक्रेत्याला तो परत घ्यायला किंवा पैसे परत करायला नकार देता येत नाही. कस्टमर केअरच्या पहिल्या फळीतल्या मुलामुलींसमोर फक्त स्क्रीनवरची मुदत असते, ते तेवढंच वाचून दाखवतात. त्यांच्याशी वाद घालण्यात शक्ती घालवू नका.

आता पुरावा. आज संध्याकाळीच तासभर काढा आणि दुसऱ्या एखाद्या फोनने, हात न हलवता, एक सलग व्हिडिओ घ्या. सुरुवात डायलपॅडवर *#०६# दाबून, म्हणजे आयएमईआय (प्रत्येक फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक) दिसेल. तो बिलावरच्या नंबराशी जुळतो हे बिल शेजारी ठेवून दाखवा. मग सेटिंग, जनरल, अबाउट. तिथे ‘पार्ट्स अँड सर्व्हिस हिस्ट्री’खाली डिस्प्लेपुढे ‘अननोन पार्ट’ दिसतं. कंपनीचा अस्सल भाग नसला की सहसा तसं येतं. त्याच पानावर मॉडेल नंबर आहे, त्याचं पहिलं अक्षर पाहा. एम म्हणजे नवा म्हणून विकलेला, एफ म्हणजे कंपनीनेच नूतनीकरण करून विकलेला, एन म्हणजे सर्व्हिसमध्ये बदलून दिलेला. हे अक्षर एकटं काही सिद्ध करत नाही, पण वर्णनाशी विसंगत असेल तर तक्रारीत एक ओळ वाढते. मग बॅटरी हेल्थचं पान. आणि शेवटी ‘डिस्प्ले अँड ब्राइटनेस’: बाहेरचा डिस्प्ले बसवलेल्या फोनवर तिथला ‘ट्रू टोन’चा पर्याय गायब झालेला असू शकतो.

सिमचा ट्रे काढून खाचेत टॉर्च मारून बघा. आत पाण्याचा संपर्क दाखवणारी छोटी पट्टी असते. एरवी ती पांढरी किंवा चंदेरी दिसते, पाणी लागलं की लाल होते. ती लाल असेल तर जवळून फोटो घ्या. डिस्प्ले बदललेल्या फोनमध्ये हे तपासणं जास्तच गरजेचं, कारण कडेची चिकट सील एकदा उघडली की पाण्यापासूनचं मूळ संरक्षण गृहीत धरता येत नाही. ‘चालतंच’ म्हणून सोडून देण्यासारखी ही बाब नाही ती याचसाठी.

वर्णनाचं पान अजून ॲपवर असेल तर आत्ताच पूर्ण स्क्रीनशॉट घ्या, सेलरचं नाव आणि तारीख दिसेल असा. तक्रार गेली की ही पानं बदलतात. पान बदललं असेल तर ऑर्डरच्या ईमेलमधलं आणि बिलावरचं वर्णन पाहा, आणि कंपनीकडे ‘ऑर्डरच्या दिवशीचं लिस्टिंग’ लेखी मागा. त्यांच्याकडे ते असायला हवं.

‘स्क्रीन तुम्हीच बदलली’ याचं उत्तर अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या जॉबशीटने, म्हणजे तपासणीच्या लेखी नोंदीने द्या. मिरज-सांगलीत जवळ सेंटर नसेल तर कोल्हापूर किंवा पुणं गाठावं लागेल, पण त्या कागदाचं वजन तुमच्या दहा फोटोंपेक्षा जास्त आहे. आधी तपासणीचा खर्च विचारा, त्याची पावती घ्या (तीही पुढे मागता येते) आणि काउंटरवर स्पष्ट सांगा की फक्त तपासून लेखी द्यायचं आहे, फोन उघडायचा नाही, काही बदलायचं नाही. गल्लीतल्या दुकानात तर अजिबात उघडू देऊ नका. एकदा उघडला की ‘कधीही न उघडलेला’ हा मुद्दा तुमच्या हातून जातो.

अनबॉक्सिंगच्या व्हिडिओची काळजी सोडा. तो असता तर बरं झालं असतं, पण तो नसेल तर पैसे मिळणार नाहीत असं कोणत्याही कायद्यात लिहिलेलं नाही. डबा रिकामा आला, डब्यात साबण आला, अशा तक्रारीत त्याला खूप महत्त्व असतं. तुमचा आयएमईआय बिलाशी जुळतोय, म्हणजे हाच फोन आला याबद्दल वादच नाही.

हे सगळं जमलं की ॲपच्या ‘ग्रिव्हन्स ऑफिसर’ला, म्हणजे तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा. कस्टमर केअर वेगळं आणि हा अधिकारी वेगळा. त्याचं नाव, पद आणि ईमेल ॲपवर किंवा वेबसाइटवर देणं कंपनीला बंधनकारक आहे. बहुधा अगदी तळाशी बारीक अक्षरांत असतं. त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि एका महिन्यात तक्रार निकाली काढायची, असा नियम आहे. मजकूर असा पुरे:

‘ऑर्डर क्रमांक …, बिल क्रमांक व दिनांक …. आयफोन १३, आयएमईआय …. वर्णनात “ओरिजिनल डिस्प्ले” होतं, सेटिंगमध्ये डिस्प्लेपुढे “अननोन पार्ट” दिसतं (फोटो १). वर्णनात बॅटरी ९२ टक्के, प्रत्यक्षात ७९ टक्के (फोटो २). वर्णनात “कधीही न उघडलेला”, पण डिस्प्ले बदलला आहे म्हणजे फोन उघडलेला आहे (जॉबशीट, फोटो ३). डिलिव्हरीनंतर पाचव्या दिवशी, … तारखेला, मी रिटर्न नोंदवला. सेलरने थेट पैसे देतो असं सांगून तो रद्द करायला लावला (कॉल लॉग व चॅट, फोटो ४ व ५). रिटर्न पुन्हा सुरू करून पूर्ण २७,४९९ रुपये मूळ क्रेडिट कार्डावर परत करावेत. फोन परत द्यायला मी तयार आहे. नियमाप्रमाणे सेलरचा पूर्ण पत्ता व ईमेलही कळवावा.’

शेवटची दोन वाक्यं गाळू नका. फोन परत द्यायची तयारी लेखी असेल तर बँकेत आणि ग्राहक आयोगात दोन्हीकडे कामाला येते. आणि खरेदी झाल्यावर ग्राहकाने लेखी मागितलं तर सेलरचा पत्ता आणि संपर्क देणं ॲपवर बंधनकारक आहे. पुढे नोटीस पाठवायची तर तो लागतोच. हाच मजकूर इंग्रजीतही जोडा, कारण या कंपन्यांची तक्रार हाताळणारी माणसं बहुधा मराठी वाचणारी नसतात.

पोच आली नाही किंवा पुन्हा ‘मुदत संपली’ हेच उत्तर आलं, तर १९१५ लावा. ही केंद्र सरकारची राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. फोनपेक्षा तिच्या वेबसाइटवर किंवा ॲपवर तक्रार नोंदवणं चांगलं, कारण फोटो जोडता येतात आणि डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक मिळतो. ही हेल्पलाइन म्हणजे कोर्ट नाही, ती कंपनीला हुकूम देऊ शकत नाही. पण मोठी ॲप तिच्याशी जोडलेली आहेत आणि तिथून आलेली तक्रार कस्टमर केअरच्या रांगेत न जाता थेट वरच्या टेबलावर जाते. तुमच्यासारखी स्पष्ट प्रकरणं बऱ्याचदा इथेच मिटतात.

त्याच आठवड्यात क्रेडिट कार्डाच्या बँकेकडेही जा. तुमच्या प्रकरणात दुर्लक्षित राहिलेला, पण हाताशी असलेला मार्ग हाच आहे. बँकेचा ‘डिस्प्यूट फॉर्म’ मागा. कारणांच्या यादीत ‘माल वर्णनाप्रमाणे नाही’ अशा अर्थाचा पर्याय असतो, तोच निवडा. ‘हा व्यवहार मी केलाच नाही’ हा पर्याय चुकूनही निवडू नका. तो खोटा ठरतो, अर्ज फेटाळला जातो आणि कार्डही ब्लॉक होतं. कार्ड नेटवर्कची बाहेरची मर्यादा साधारण १२० दिवसांची असते, पण बँका स्वतःची मुदत त्याहून कमी ठेवतात, म्हणून महिना उलटू देऊ नका. वस्तू परत करायचा प्रयत्न केला होता का, हे बँक हमखास विचारते. रद्द झालेला रिटर्न आणि वरचा ईमेल जोडला की उत्तर झालं. वाद चालू असताना कार्डाचं बिल थकवू नका, लेट फी आणि व्याज तुमच्याच माथी बसतं. आणि मध्येच ॲपने पैसे दिले तर बँकेला कळवून वाद मागे घ्या.

इतकं करूनही टोलवाटोलवी चालली तर सांगलीचा जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग आहे. सेलर दिल्लीचा असो की सुरतेचा, तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील सक्तीचा नाही, आणि ‘ई-जागृती’ पोर्टलवर घरबसल्या अर्ज भरता येतो. मुदत २ वर्षांची आहे. सेलर आणि ॲप, दोघांनाही प्रतिवादी करा. त्याआधी दोघांना १५ दिवसांची नोटीस स्पीड पोस्टाने पाठवून पोच जपून ठेवा. नोटीस कायद्याने अनिवार्य नाही, पण पुष्कळदा तिच्यावरच पैसे येतात. मूळ रक्कम, व्याज, सर्व्हिस सेंटरची पावती, प्रवासखर्च आणि मनस्तापाची भरपाई एवढं मागता येतं. हा रस्ता लांबचा आहे, पाच-सहा महिने तरी धरून चला.

२,५०० रुपयांचं काय? आमचं मत स्पष्ट आहे: घेऊ नका. आयफोन १३ चा अस्सल डिस्प्ले अधिकृत सेंटरमध्ये बसवायचा तर त्याच्या कितीतरी पट खर्च येतो. फोन ठेवून घ्यायची तुमची खरंच इच्छा असेल तर अस्सल डिस्प्ले आणि बॅटरीचं लेखी कोटेशन घ्या आणि तेवढी सूट ॲपमार्फतच मागा. ‘माझी काहीही तक्रार उरली नाही’ अशा मजकुरावर रक्कम खात्यात जमा होण्याआधी होकार देऊ नका.

रिटर्न मंजूर झाला की घाई करायची नाही, कारण इथे पुन्हा घोटाळा होतो. आधी डेटाचा बॅकअप घ्या. मग सेटिंगमध्ये आपल्या नावावर टॅप करून ‘फाइंड माय’ बंद करा आणि ॲपल अकाउंटमधून (जुनं नाव ॲपल आयडी) बाहेर पडा. ते राहिलं तर फोन लॉक असल्याचं कारण देऊन तपासणीत रिटर्न फेटाळतात. सिम काढा, ई-सिम असेल तर नंबर दुसऱ्या फोनवर नेऊन मगच ‘इरेज ऑल कंटेंट’ करा. पुराव्याचे फोटो-व्हिडिओ दुसरीकडे ठेवल्याची खात्री त्याआधी करा, नाहीतर पुरावाही त्याच फोनबरोबर पुसला जाईल. पॅक करताना व्हिडिओ घ्या: आयएमईआय, फोन डब्यात, डबा बंद, त्यावर पिकअपचा नंबर. शक्य असेल तर बंद डबा काट्यावर ठेवून वजनाचाही फोटो. नुसता आयफोन १३ सुमारे १७४ ग्रॅमचा असतो, ‘डबा रिकामा आला’ म्हणणाऱ्याला वजनाने उत्तर देता येतं. पिकअपचा ओटीपी न्यायला आलेल्या मुलाने तुमच्यासमोर फोन तपासून पिशवी सील केल्यावरच द्या.

मावसभावाचं प्रकरण वेगळ्या वाटेने जातं. घरातली वापरलेली वस्तू एखाददुसऱ्या वेळी विकणाऱ्या खाजगी माणसाला ई-कॉमर्सचे नियम लागत नाहीत, आणि ग्राहक आयोगातही अशी तक्रार टिकवणं अवघड. पण माल विक्री कायदा, १९३० चं कलम १५ लागू होतं: वर्णनावरून विकलेली वस्तू वर्णनाबरहुकूम असायला हवी. म्हणून जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि ‘शटर काउंट किती?’ याला त्या माणसाने चॅटवर दिलेलं उत्तर, हे त्याचं भांडवल. निकॉनचा कॅमेरा असेल तर आज काढलेल्या मूळ जेपीईजी फोटोच्या एक्झिफ माहितीत (फोटोच्या फाइलमध्येच साठवलेल्या तपशिलात) आकडा मिळतो. फोटो व्हॉट्सॲपवरून पाठवून तपासू नका, त्यात ही माहिती गळून जाते. कॅननच्या बऱ्याच मॉडेलमध्ये आकडा फोटोत नसतो, तिथे सर्व्हिस सेंटरकडूनच लेखी घ्यावं लागेल. फरक किती मोठा आहे तेही मांडा: मध्यम दर्जाच्या कॅमेऱ्यांचं शटर साधारण १ ते दीड लाख क्लिकपर्यंत चालेल असं धरलेलं असतं, त्यामुळे १२ हजार सांगून ९० हजार निघाले तर निम्म्याहून जास्त आयुष्य संपलेलं आहे. आधी लेखी मागणी, मग नोटीस, मग दिवाणी न्यायालय, असा क्रम. विकणाऱ्याने नाव-पत्ता खोटा दिला असेल, किंवा तो अशाच जाहिराती वेगवेगळ्या नावांनी टाकत असेल, तर तो फसवणुकीचा गुन्हा आहे. त्याची तक्रार पोलिसांत किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर करा, आणि त्या दुसऱ्या जाहिरातींचे स्क्रीनशॉटही सोबत जोडा.

तुमच्या फोनचा डबा, बिल आणि चार्जिंग केबल मात्र पैसे कार्डावर जमा झाल्याचं स्टेटमेंटमध्ये दिसेपर्यंत इकडेतिकडे होऊ देऊ नका. रिफंड ‘वॉलेटमध्ये’ की ‘मूळ पेमेंटवर’ असा पर्याय ॲप विचारेल, तेव्हा दुसरा निवडा.